शशी कपूरची मेहुणी, लंडनची नायिका

मागच्या अंकात शशी कपूरवर लिहिताना त्याची बायको जेनिफर हिच्या धाकट्या बहिणीचा, फेलिसिटी केंडलचा, जेमतेम एका ओळीत उल्लेख केला होता. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आलेत की यावेळचं सगळं सदर तिलाच देतेय.

प्रश्न : जेनिफर केंडल माहितीय, तिची बहीण एवढी मोठी नटी आहे हे पहिल्यांदाच कळलं. हे केंडल लोक नक्की कोण? इंग्रज असून भारतात नाटकं का करत होते? (वाचक, ठाणे)

सुरुवात वडलांपासून करावी लागेल, कारण या घरातलं सगळं त्यांच्यापासूनच सुरू होतं. जेफ्री केंडल, जन्म 1909, खरं आडनाव ब्रॅग. उत्तर इंग्लंडमधल्या केंडल नावाच्या गावचे, स्टेजवर आले आणि गावाचंच नाव आडनाव म्हणून लावलं. बायको लॉरा लिडेल, तीही नटी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी नाटकं करणाऱ्या पथकातून हे दोघं भारतात आले आणि देश असा काही आवडला की युद्ध संपल्यावर स्वतःची कंपनी घेऊन परत आले, तिचं नाव शेक्सपिअराना.

कंपनी म्हणजे मूठभर नट, कपड्यांच्या ट्रंका आणि रेल्वेचं तिकीट. आज एखाद्या महाराजांच्या दरबारी प्रयोग, परवा एखाद्या कॉन्व्हेंटच्या हॉलमध्ये शाळकरी मुलांसमोर. कुठे विंगा आहेत तर कुठे नुसता चौथरा, तरी नाटक तेच आणि त्याच जोरात. आपल्याकडे जुन्या नाटक कंपन्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरायच्या ना, अगदी तसं, फक्त संगीत नाटकाच्या जागी शेक्सपिअर. उत्पल दत्त काही काळ याच कंपनीत होते आणि त्यांच्यासारख्या नटाने तिथल्या शिस्तीतून धडे घेतले यावरून ती कंपनी काय दर्जाची असेल ते बघा. शशी कपूरनेही त्यांच्याबरोबर कामं केली, जेनिफरशी ओळख झाल्यावर.

फेलिसिटीचा जन्म इंग्लंडमधलाच, 25 सप्टेंबर 1946, जेनिफरपेक्षा तेरा वर्षांनी लहान. नऊ महिन्यांची असताना तिला स्टेजवर आणलं, शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये पऱ्यांचे राजाराणी ज्या एका भारतीय मुलावरून भांडतात ते मूल म्हणून. खरंतर मूळ नाटकात ते मूल दिसतच नाही, त्याच्याबद्दल नुसतं बोललं जातं, पण घरात बाळ आहे तर घ्या कडेवर आणि आणा, असा हा संसार! आणि पुढे ती सात वर्षांची असल्यापासून भारतातच वाढली हे लक्षात घेतलं तर तिची पहिली भूमिका भारतीय मुलाची असावी याची मला फार गंमत वाटते.

प्रश्न : ती कुठल्या ड्रामा स्कूलमध्ये शिकली? माझी मुलगी नाटकात जायचं म्हणतेय, म्हणून विचारतेय. (एक आई, नाशिक)

कुठल्याच नाही. शाळासुद्धा एका जागी झाली नाही, कंपनी जिकडे जाईल तिकडच्या कॉन्व्हेंटमध्ये नाव घालायचं, मुक्काम हलला की शाळा बदलायची. शिक्षण काय झालं ते विंगेत उभं राहून. आधी लहान मुलांची कामं, मग 1958 मध्ये जेनिफरने शशी कपूरशी लग्न केलं आणि हळूहळू ती कंपनीतून बाहेर पडली तशी मोठी कामं धाकटीकडे यायला लागली. जेफ्रींना ते लग्न अजिबात रुचलं नव्हतं, जावई वाईट होता म्हणून नाही, कंपनीची नायिका गेली म्हणून! लेकीकडेसुद्धा आधी नटी म्हणून बघणारा बाप होता तो, आणि हे मी कौतुकानेही सांगतेय आणि थोडं पोटात कालवूनही.

आता तुमच्या मुलीसाठी यातून काय घ्यायचं ते सांगते. ट्रेनिंग नको असा अर्थ काढू नका, तिला ट्रेनिंग मिळालंच की, आणि बहुतेक ड्रामा स्कूलवाल्यांना मिळत नाही इतकं मिळालं. रोज वेगळा हॉल, रोज वेगळा प्रेक्षक, मागच्या बाकावरच्या पोराला इंग्रजी अर्धंच कळतंय आणि तरी त्याने शेवटपर्यंत बसलं पाहिजे. अशा ठिकाणी आवाज कसा टाकायचा, वाक्य कुठे तोडायचं, हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य कसं घ्यायचं हे अंगात भिनतं. मुलीला संस्थेत जरूर घाला पण सोबत प्रयोग करू द्या, एकांकिका, बालनाट्य, शाळेतलं गॅदरिंग, जे मिळेल ते.

प्रश्न : 'शेक्सपिअरवाला' हा पिक्चर त्यांच्यावरच आहे ना? तो बघून मला कंपनीची फार कीव आली. (वाचक, पुणे)

हो, त्यांच्यावरून सुचलेला आहे. 1965 चा, जेम्स आयव्हरीने केलेला, निर्माते इस्माईल मर्चंट, संगीत सत्यजित राय यांचं. जेफ्री आणि लॉरा त्यात नवराबायको, कंपनीचे मालक, फेलिसिटी त्यांची मुलगी लिझी आणि तिचा प्रियकर शशी कपूर, म्हणजे खऱ्या आयुष्यातला तिचा दाजी. जेनिफरही छोट्या कामात आहे. मधुर जाफरीला यासाठी बर्लिनला उत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं.

पण कीव आली म्हणताय तिथे जरा थांबा. पिक्चरमधली कंपनी मोडकळीला आलेली आहे, लोक सिनेमाकडे वळलेत, शेक्सपिअर कुणाला नकोय. जेफ्रींना नेमकं हेच खटकलं होतं, त्यांचं म्हणणं आम्ही असे केविलवाणे कधीच नव्हतो, आमचे प्रयोग लोक आवडीने बघायचे. मला त्यांचं म्हणणं पटतं. पिक्चर सुंदर आहे, पण ती एका काळाच्या शेवटाची गोष्ट आहे आणि तेवढ्यासाठी कंपनी उदास केलीय. ज्या शाळकरी पोरांनी हे प्रयोग बघितले त्यातल्या एकाबद्दल पुढे सांगते, म्हणजे कीव जाईल.

प्रश्न : मग ती इंग्लंडला कधी गेली? वडलांनी जाऊ दिलं? (वाचक, कोल्हापूर)

आनंदाने नाही. 'शेक्सपिअरवाला' झाल्यावर ती अठराएक वर्षांची होती, मध्ये कलकत्त्याला टायफॉइडने चांगलीच आजारी पडली होती, आणि तिला वाटायला लागलं की आता लंडनला जाऊन बघावं. वडलांच्या लेखी खरं नाटक म्हणजे दौरा, लंडनची चमकधमक म्हणजे काही नाटक नाही. थोरली लग्न करून गेली, आता धाकटीही चालली.

तिथे कोणी पायघड्या घालून बसलं नव्हतं. पिक्चरचं कौतुक झालं होतं पण कामं मिळेनात. 1966 मध्ये बीबीसीच्या एका टीव्ही नाटकात थेट सर जॉन गिलगुड या बड्या नटासमोर काम मिळालं आणि 1967 ला लंडनच्या स्टेजवर पहिलं पाऊल पडलं. तरी नाव व्हायला आणखी सात-आठ वर्षं गेली आणि तेही एका नाटकामुळे. 1974 च्या सुमाराला अॅलन एकबर्न यांची 'द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स' ही तीन नाटकांची मालिका लंडनमध्ये गाजत होती, त्यात ती आणि पेनेलोपी कीथ दोघी होत्या, आणि त्या नाटकावरून दोघींना बीबीसीच्या नव्या विनोदी मालिकेत घेतलं.

प्रश्न : तीच का ती 'द गुड लाइफ'? लंडनमध्ये राहणारे माझे काका अजून त्याचं नाव काढतात. (वाचक, डोंबिवली)

तीच. 1975 ते 78. टॉम गुड नावाचा माणूस चाळिसाव्या वाढदिवसाला ठरवतो की बास झाली नोकरी, आणि सर्बिटनसारख्या साध्यासरळ मध्यमवर्गीय उपनगरात घराच्या मागच्या बागेत भाजीपाला, डुकरं, कोंबड्या असं सगळं सुरू करतो. फेलिसिटी त्याची बायको बार्बरा, नवरा रिचर्ड ब्रायर्स, शेजारी पॉल एडिंग्टन आणि पेनेलोपी कीथ. मालिका इतकी लाडकी झाली की 1978 चा शेवटचा खास भाग खुद्द राणीसमोर रेकॉर्ड झाला.

बघताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. हे स्टुडिओत प्रेक्षक बसवून रेकॉर्ड व्हायचं, म्हणजे हशा खरा आहे, आणि बार्बरा बऱ्याच वेळा नुसती ऐकत असते. टॉम बडबडतोय, ही अंगात मोठा स्वेटर, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर आधी हसू, मग हे आपल्याला झेपणार का अशी शंका, मग परत चल करूया, आणि हे सगळं एका शब्दाशिवाय. प्रेक्षक तिच्या चेहऱ्यावर हसतात, टॉमच्या वाक्यावर नाही. मला विचाराल तर हे शेक्सपिअरानामधूनच आलंय, दुसरा बोलत असताना स्टेजवर जिवंत कसं राहायचं हे लहानपणापासून मुरलेलं.

इंग्लंडमधल्या पेपरांनी तिला तेव्हा गोड, खट्याळ असली विशेषणं चिकटवली ती वर्षानुवर्षं सुटली नाहीत. याचा मला राग येतो. कारण त्याच बाईने 1979 मध्ये नॅशनल थिएटरला 'अमॅडेउस'च्या पहिल्यावहिल्या प्रयोगात मोझार्टची बायको केली, पुढच्या वर्षी पॉल स्कोफिल्डच्या ऑथेल्लोसमोर डेस्डिमोना केली (आपल्या देवलांच्या 'झुंझारराव'चं मूळ ते हेच नाटक), आणि 1989 ला शेक्सपिअर आणि चेखव अशा दोन नाटकांसाठी लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड'चा उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार घेतला. गोडवा आहेच, पण त्याच्याखाली बाई पक्की कसलेली आहे.

प्रश्न : तिच्या लग्नांबद्दल आणि टॉम स्टॉपर्डबद्दल लिहाल का?

लग्नं दोन, पहिलं अभिनेता ड्र्यू हेनलीशी, दुसरं दिग्दर्शक मायकेल रडमनशी, दोघांपासून एकेक मुलगा. रडमनशी घटस्फोट झाला, मध्ये काही वर्षं स्टॉपर्डशी नातं होतं, पुढे ती परत रडमनकडे आली आणि 2023 मध्ये ते जाईपर्यंत दोघं एकत्र होते. एवढं पुरे, बाकीचं त्यांचं त्यांना.

स्टॉपर्डबद्दल मात्र नाटककार म्हणून बोलायलाच हवं. त्यांचंही लहानपण महायुद्धाच्या काळात भारतात गेलं, दार्जिलिंगला शाळेत. त्यांची 'द रिअल थिंग', 'हॅपगुड', 'आर्केडिया' ही नाटकं पहिल्यांदा झाली तेव्हा त्यात फेलिसिटी होती. आणि 1995 ला 'इंडियन इंक'. 1930 साल, फ्लोरा क्रू नावाची इंग्रज कवयित्री भारतातल्या एका संस्थानात येते, तिथला चित्रकार निरद दास तिचं चित्र काढतो, आणि अनेक वर्षांनी फ्लोराची म्हातारी झालेली धाकटी बहीण एलेनॉर त्या आठवणी उलगडते. फेलिसिटी तेव्हा फ्लोरा होती. हे नाटक लॉरा केंडल, म्हणजे तिची आई, यांच्या स्मृतीला अर्पण केलंय.

प्रश्न : आपल्या मराठी लोकांचा या सगळ्याशी काही संबंध येतो का? (वाचक, गोरेगाव)

येतो, आणि चांगला घट्ट. जुहूचं पृथ्वी थिएटर 5 नोव्हेंबर 1978 ला सुरू झालं, शशी कपूर आणि जेनिफरने पृथ्वीराज कपूर यांच्या नावाने उभं केलेलं. पैसा आणि नाव शशीचं असेल पण रोजचा कारभार जेनिफरचा. तीन बाजूंनी प्रेक्षक, पहिल्या रांगेतल्या माणसाचे पाय जवळजवळ स्टेजला लागतात, कुजबुजलेलं मागेपर्यंत ऐकू जातं. दौऱ्यावर वाढलेल्या मुलीला नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये किती अंतर हवं हे बरोबर माहीत होतं.

आणि त्या स्टेजवरचं पहिलं नाटक कुठलं? गो. पु. देशपांडे यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा', हिंदीतून. त्यात नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी. मघाशी म्हटलं ना एका शाळकरी पोराबद्दल, तो हाच नसीर. नैनितालला शाळेत असताना त्याने जेफ्री केंडलचं काम बघितलं आणि त्याचा त्याच्यावर जन्माचा परिणाम झाला, हे त्याने स्वतः कितीतरी वेळा सांगितलंय. शाळेच्या हॉलमध्ये जेफ्रीला बघणारा मुलगा पुढे जेफ्रीच्या लेकीने बांधलेल्या स्टेजवर, एका मराठी नाटककाराच्या नाटकात, पहिल्याच दिवशी उभा राहतो. शेक्सपिअराना फसली असं आता कोण म्हणेल?

जेनिफर मात्र लवकर गेली, सप्टेंबर 1984, कॅन्सरने. जाण्याआधी अपर्णा सेनच्या '36 चौरंगी लेन'मधली एकटी म्हातारी अँग्लो इंडियन शिक्षिका करून गेली. अभिनेत्री म्हणून ती धाकटीच्या तोडीस तोड होती असं माझं स्पष्ट मत आहे, फक्त तिने कामं कमी केली.

प्रश्न : फेलिसिटी आता काम करते का? आणि सुरुवात कशापासून करावी? (वाचक, नागपूर)

करते तर! 2021 ला लंडनमध्ये 'एनिथिंग गोज' हे म्युझिकल, त्यानंतर 'नॉइजेस ऑफ' हे फार्स, ज्यात दौऱ्यावरच्या नाटक कंपनीची उडालेली त्रेधातिरपीट आहे, आणि खऱ्या दौऱ्यावर वाढलेली नटी त्यात असणं यापेक्षा योग्य निवड नाही. डिसेंबर 2025 मध्ये हॅम्पस्टेड थिएटरला 'इंडियन इंक' परत आलं, यावेळी ती एलेनॉर, फ्लोराची धाकटी बहीण. तीस वर्षांपूर्वी जी भूमिका स्वतः केली त्या बहिणीची आठवण यावेळी तिने काढली, आणि थोरली बहीण गमावलेल्या नटीने हे काम करणं किती जड असेल ते वेगळं सांगायला नको.

सुरुवात 'शेक्सपिअरवाला'पासून करा, मग 'द गुड लाइफ'चे पहिले दोन-तीन भाग. बागकामाची आवड असेल तर 'रोजमेरी अँड थाइम' बघा, दोन माळीणबाई खुनांचा तपास लावतात, हलकीफुलकी मालिका आहे. वाचायचं असेल तर 'व्हाइट कार्गो' हे तिचं 1998 चं आत्मचरित्र, वडील शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळलेले असताना त्यांच्या उशाशी बसून काढलेल्या भारताच्या आठवणी. मराठीत ते कुणी आणलं तर मी पहिली गिऱ्हाईक.