'साहजिक आहे' या शब्दांपाशी थांबू नकोस

नेरूळ, नवी मुंबई

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. समुपदेशनाच्या कामाच्या पहिल्या दिवशी कर्करोगाच्या रुग्णाशी नेमके काय बोलायचे, असे तू परवा फोनवर विचारलेस आणि मी 'लिहून कळवते' म्हणून फोन ठेवला. फोनवर उत्तर दिले असते तर ते दोन वाक्यांत संपले असते, आणि या कामाला तेवढ्या शिदोरीवर पाठवणे मला बरे वाटले नाही.

खारघरला अॅक्ट्रेकमध्ये, ज्या कर्करोग रुग्णालयाला स्टेशनबाहेर सगळे 'टाटा' एवढेच म्हणतात, तुझ्यासमोर दिघा-ऐरोलीचे, उरण-पनवेलचे लोक येतील, तसेच विदर्भातले, बिहारमधले आणि बंगालमधलेही येतील. लांबून आलेले जवळपास भाड्याची खोली घेऊन महिनोन्‌महिने राहतात. प्रत्येकाच्या हातात एक जाडजूड फाईल असते. तिच्यात गाठीचा आकार मिलिमीटरपर्यंत नोंदलेला असतो, रक्तातल्या पेशी मोजलेल्या असतात. पण झोप उडून किती दिवस झाले हे बहुधा कुठेच लिहिलेले नसते, कारण ते कुणी विचारलेले नसते. विचारले तरी रुग्णाच्या आधी सोबतचा माणूस उत्तर देतो, "एवढा मोठा आजार झाल्यावर असं होणारच, साहजिक आहे." मला तुला या 'साहजिक'बद्दलच लिहायचे आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही हा शब्द केसपेपरवर लिहिला होता. गालाच्या आतल्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले पन्नाशीचे एक गृहस्थ होते, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामाला. जबड्याचा भाग काढलेला, बोलणे अस्पष्ट झालेले आणि लाळ गळते म्हणून ओठांपाशी सतत रुमाल. ते खाली बघून बसत आणि मी विचारेन त्याला मान हलवत. मी लिहिले, 'मनःस्थिती उदास, परिस्थिती पाहता साहजिक.' रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर ते आलेच नाहीत. घरी ते भिंतीकडे तोंड करून पडून असत, नळीतून अन्न घालू देत नसत आणि 'माझ्यावर पैसे घालवू नका' एवढेच म्हणत, हे त्यांच्या पत्नीने मला फार उशिरा सांगितले. पुन्हा आले तेव्हा आजार पुढे गेलेला होता. त्यांच्या उदासीवर औषध होते, उपचार होते, आणि तोवर ते माझ्यासमोर चार वेळा बसून गेले होते. तो कागद मला आजही डोळ्यांसमोर दिसतो.

उदासी साहजिकच असती तर ती सर्वांना झाली असती. तसे होत नाही. 2011 साली 'द लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेऊन केलेले 94 अभ्यास एकत्र पाहिले होते. कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे 16 टक्के लोकांना नैराश्याचा आजार आणि सुमारे 10 टक्के लोकांना चिंतेचा आजार असल्याचे त्यात आढळले, आणि परिस्थितीशी जुळवून घेताना मन कोलमडण्याचा विकारही धरला तर मनाचा काही ना काही आजार असलेल्यांचे प्रमाण 30 ते 40 टक्के निघाले. म्हणजे तुझ्या बाकावरच्या दहांपैकी तीन-चार जण. उरलेले सहा-सात जण घाबरतात, रडतात, रात्री जागतात आणि घरच्यांच्या आधाराने हळूहळू सावरतात. त्यांना आजारी ठरवून गोळ्यांच्या मागे लावणे हीसुद्धा चूकच आहे. तुझे कौशल्य या दोघांतला फरक ओळखण्यात आहे.

हा फरक ओळखणे अवघड जाते, कारण आपण नैराश्याची म्हणून शिकलेली निम्मी लक्षणे कर्करोग आणि केमो स्वतःच निर्माण करतात. भूक मंदावते, वजन उतरते, थकवा येतो, झोप बिघडते. त्यामुळे शरीरावरून मनाचा अंदाज बांधू नकोस. झिगमंड आणि स्नेथ या दोन मनोविकारतज्ज्ञांनी 1983 साली रुग्णालयातल्या लोकांसाठी 14 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, सात प्रश्न चिंतेचे आणि सात नैराश्याचे. थकवा, भूक यांसारखी शारीरिक लक्षणे त्यांनी तिच्यातून मुद्दाम वगळली, आणि म्हणूनच ती आपल्या कामात इतकी उपयोगी पडते. पण प्रश्नावली हातात देण्याआधी माणसाचे बोलणे ऐक. 'मला नैराश्य आले आहे' असे आपल्याकडे सहसा कुणी म्हणत नाही. 'काही गोड लागत नाही', 'कशात जीव रमत नाही', 'आतून घालमेल होते', 'डोक्यात भुंगा फिरतो', 'मी सगळ्यांना भार झालोय' असे म्हणतात. यातल्या शेवटच्या वाक्यापाशी नेहमी थांब. दुःखी माणूस आजाराला, नशिबाला, देवाला दोष देतो. नैराश्यातला माणूस स्वतःलाच नालायक ठरवतो. दुःख लाटांसारखे येते आणि ओसरते, मध्येच नातू मांडीवर येऊन बसला तर चेहरा उजळतो. नैराश्यात नातूही नकोसा होतो.

दिवाळ्याच्या कोळीवाड्यातली एक बाई मला हे फार नीट शिकवून गेली. तिचे उपचार संपले होते, अंगात ताकद आली होती, वजनही भरले होते, पण ती बाजारात पाटी घेऊन बसायला जाईना. घरचे म्हणत, अशक्तपणा आहे. मी विचारले, "ताई, पूर्वी कशात जीव रमायचा तुमचा?" ती म्हणाली, "मावरं विकण्यातच. आता बोंबील आले काय नि गेले काय." मनोविकारतज्ज्ञांनी औषध सुरू केले, मी आठवड्यातून एकदा भेटत राहिले, आणि साधारण दीड महिन्याने तिने मला गिऱ्हाइकाशी झालेले भांडण रंगवून सांगितले. तिच्या तोंडून तो राग ऐकताना मला किती आनंद झाला, ते तुला काही महिन्यांत कळेल.

औषधाबद्दल घरच्यांना आधीच सांगून ठेवत जा की या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, नाहीतर पाचव्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून गोळ्या बंद होतात. आणि त्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने आणलेल्या चालत नाहीत. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधे दिली तर टॅमॉक्सिफेनचे शरीरात प्रभावी रूप तयार होण्याचे काम मंदावते, म्हणून तज्ज्ञ तिच्यासाठी वेगळे औषध निवडतात. मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवताना पूर्ण फाईल सोबत दे, आणि रुग्णाला 'तुम्हाला वेड लागलेलं नाही' हे त्याने विचारायच्या आधी सांग.

सगळी अस्वस्थता मनातून उगवत नाही, हेही ध्यानात ठेव. उलटी थांबावी म्हणून केमोबरोबर डेक्सामेथासोन देतात, त्याने दोन-तीन रात्री झोप उडते, चिडचिड होते आणि ते बंद झाल्यावर मन एकदम खाली बसते. मानेला रेडिएशन झालेल्यांची थायरॉइड ग्रंथी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मंदावू शकते, आणि तिचा सुस्तपणा हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. दुखणे आटोक्यात नसेल तर कोणतेही समुपदेशन पोकळ ठरते. आधी वेदनाशामक विभागाचा रस्ता दाखव. आणि कालपर्यंत नीट बोलणारा म्हातारा माणूस आज अचानक गप्प, गुंगीत आणि गोंधळलेला दिसला तर ते नैराश्य समजू नकोस. रक्तातले सोडियम किंवा कॅल्शियम बिघडलेले असेल, जंतुसंसर्ग असेल. त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांना कळव.

चिंतेचे वेळापत्रक उपचारांच्या वेळापत्रकाला बांधलेले असते. निदानानंतरचे पहिले काही आठवडे, स्कॅनच्या आधीचे चार दिवस आणि रिपोर्टची सकाळ या वेळा तुझ्या वहीत असू देत. काहींना तीन-चार केमो झाल्यावर रिक्षा रुग्णालयाच्या फाटकाकडे वळली की मळमळू लागते, स्पिरिटच्या वासाने उलटी होते. ते नाटक नव्हे; शरीराने त्या जागेची आणि मळमळीची सांगड घातलेली असते. स्नायू सैल सोडण्याचा सराव आणि डॉक्टरांनी आधी दिलेली गोळी यांनी ते पुष्कळ कमी होते. पण ज्या वेळेकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते ती वेळ उपचार संपल्यानंतरची. घरात पेढे वाटले जातात, नातेवाईक भेटून जातात, आणि रुग्ण मात्र तेव्हाच ढासळतो. रोज कुणीतरी तपासत होते, ते थांबलेले असते. आता गाठ परत आली तर कुणाला कळणार, ही भीती त्याला रात्री उठवून मान, काख चाचपायला लावते. आनंदाच्या घरात हे बोलायचे कसे, म्हणून तो बोलत नाही. पहिल्या फॉलोअपला आलेल्या माणसाला पाच मिनिटे जास्त देत जा.

एक प्रश्न विचारताना तुझी जीभ अडखळेल, तरी तो विचारायचाच. "इतका त्रास झाल्यावर कधी कधी माणसाला जगणं नकोसं वाटतं. तुम्हाला तसं होतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट एकट्याने वाहिलेले ओझे पहिल्यांदा कुणीतरी हातात घेतल्यासारखे होते. उत्तर 'हो' आले तर माणसाला एकटे सोडू नकोस, मनोविकारतज्ज्ञांना तिथेच बोलाव, घरच्यांपैकी एकाला विश्वासात घे, आणि घरातली मॉर्फिनसारखी औषधे त्या नातेवाइकाच्या ताब्यात राहतील हे बघ. रात्री-अपरात्रीसाठी 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक लिहून दे. ही सरकारची विनामूल्य सेवा 2022 साली सुरू झाली आणि ती चोवीस तास चालते.

दाराबाहेर गाठून "बाबांना सांगू नका हं, ते खचतील" असे म्हणणारा मुलगा तुला पहिल्याच आठवड्यात भेटेल. त्याच्यावर रागावू नकोस, तो प्रेमापोटीच बोलत असतो. पण बाबा ज्या इमारतीत बसलेले असतात तिच्या पाटीवरच आजाराचे नाव असते, आणि मुलाने रडू नये म्हणून तेही गप्प असतात. एका खोलीत दोघे वेगवेगळे घाबरलेले. तू बाबांनाच विचार, "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी आहे?" आणि ते म्हणतील तेवढेच डॉक्टरांकडून सांगितले जाईल असे बघ.

'पॉझिटिव्ह राहा' हे शब्द तू कृपा करून वापरू नकोस. मन खंबीर ठेवल्याने गाठ विरघळते असे कुणी सिद्ध केलेले नाही, पण त्या उपदेशाने रुग्णाला रडण्याचीही चोरी होते, आणि आजार वाढला तर 'माझंच मन कमी पडलं' असा अपराध त्याच्या माथी बसतो. तंबाखू, मशेरी लावणाऱ्यांच्या मनात तो आधीच घर करून असतो. त्यात आपण भर घालू नये.

पहिल्या आठवड्यातली तुझी एक नोंद, नावगाव पूर्ण वगळून, मला वाचून दाखव. तिच्यात 'साहजिक' हा शब्द आला तर आला. त्याच्यापुढे तू काय विचारलेस ते मला ऐकायचे आहे.

तुझी,
ताई