दाराजवळच्या भिंतीपासून सुरुवात कर

अनेक आशीर्वाद.

ग्रीसमधल्या क्रीट बेटावर जायचं नक्की झालं हे वाचून फार आनंद झाला. तिथल्या जुन्या चर्चमधली अंतिम न्यायाची, म्हणजे जगाच्या शेवटी ख्रिस्त सगळ्यांचा निवाडा करतो त्या प्रसंगाची, भित्तिचित्रं बघायला सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंयस. माझं म्हणणं, खालून कर. सिंहासनावरच्या ख्रिस्ताकडे नंतर जा. आधी पश्चिमेकडे, दाराजवळ, चित्राच्या तळाशी सापांच्या विळख्यात लटकलेले उघडेवाघडे जीव आहेत, त्यांच्यापाशी बस.

तिथे तुला पिठात हात मारणारा दळणवाला भेटेल, गळ्यात जात्याचा दगड बांधलेला. मापात पाप करणारा भेटेल, अंगावर तराजू टांगलेला. आणि नांगराशेजारी एक शेतकरी. त्याच्या डोक्यावर ग्रीकमध्ये लिहिलेलं असतं ‘पारावलाकिस्तीस’, म्हणजे तास आपल्या हद्दीबाहेर नेणारा. तुला शब्दकोश उघडायची गरज नाही. हा आपला बांध कोरणारा! भावाभावांत, शेजाऱ्याशेजाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या वैर लावणारं हे पाप, आणि ते थेट नरकात रंगवलंय.

ही बहुतेक चित्रं १३व्या ते १५व्या शतकातली, बेटावर व्हेनिसची सत्ता असतानाची. देवळं इवलीशी, एका कमानीखाली सगळं गाव मावेल एवढी. पाप्याचं नाव कुठे नाही, फक्त गुन्हा लिहिलेला. गावात दळणवाला असून असणार किती? लोक बाहेर पडताना त्या भिंतीसमोरून जात आणि कोणाकडे बघायचं ते त्यांना बरोबर ठाऊक असे. म्हणून ती अक्षरं वाच. ग्रीक मोठ्या अक्षरांची लिपी आठवड्याभरात येते, ती शिकूनच नीघ.

पहिल्या खेपेला माझी चूक झाली. डोक्यात व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमधलं मिकेलांजेलोचं अंतिम न्यायाचं चित्र होतं, १५४१ साली पुरं झालेलं. तिथे न्याय वेदीमागच्या भिंतीवर आहे, देहांचं वादळच. मी क्रीटमध्ये तेच वादळ शोधत बसलो आणि हाती काही लागलं नाही. इथे चित्र बघायचं नसतं, ओळीओळीने वाचायचं असतं.

वरची मांडणी तुला लवकर कळेल. मधोमध ख्रिस्त, दोन्हीकडे त्याची आई मारिया आणि बाप्तिस्मा देणारा योहान, खाली शुभवर्तमानाचा ग्रंथ ठेवलेलं रिकामं सिंहासन, त्यापाशी गुडघे टेकलेले आदम आणि हव्वा. ख्रिस्ताच्या पायांपासून निघालेली अग्नीची नदी बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याच्या दृष्टान्तातून आलीय. एका जागी मात्र थांबच, समुद्र आणि पृथ्वी आपापले मेलेले परत देतात तिथे. मासे आणि श्वापदं गिळलेले हात-पाय तोंडातून बाहेर काढत असतात. एकही अवयव हिशेबातून सुटत नाही, हे चित्रकाराने किती साधेपणाने सांगितलंय!

उत्तर ग्रीसमधल्या थेस्सलोनिकी शहरात जमलं तर १०२८ सालचं ‘पानागिया तोन खाल्केओन’ हे चर्च चुकवू नकोस. नावाचा अर्थ तांबटांची मारियामाता. ओसरीत अंतिम न्याय आहे, आज बराच पुसट झालेला. या विषयाच्या टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी ते एक.

एक गोष्ट मनात धरून ठेव. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाआधीच्या एका रविवारी ग्रीक चर्चमध्ये बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २५वा अध्याय वाचतात. तिथला न्यायाधीश विचारतो, भुकेल्याला घास दिलास का, तहानेल्याला पाणी दिलंस का? म्हणजे काय करायचं राहिलं ते. भिंत विचारते, तू शेजाऱ्याचं काय वाईट केलंस? दोन्ही प्रश्न त्याच देवळात, त्याच माणसांना. तुझ्या प्रबंधाचं बीज मला इथे दिसतं.

भिंतीला मी निर्दोष म्हणत नाही. तान्ह्या मुलाला पाजायला नकार देणारी बाईही तिथे आहे, स्तनांना साप डसलेले. तिच्यासमोर मला अजूनही उभं राहवत नाही. ही यादी कोणी केली, बाईला कोणी विचारलं होतं का, हे तू लिही. मी माझ्या वेळी लिहिलं नाही, ते चुकलंच.

सकाळी जा. वेदीमागची छोटी खिडकी पूर्वेला असते, तिचा उजेड पश्चिमेच्या भिंतीवर येतो. दुपारनंतर दारातलं ऊन डोळ्यांवर येतं आणि भिंत काळी दिसते. फ्लॅश वापरू नकोस, रंग नाजूक आहेत. किल्ली बहुधा गावातच कुणाकडे तरी असते, आदबीने माग. आणि फोटो काढण्याआधी त्या दळणवाल्याचं पेन्सिलीने रेखाटन करून मला पाठव.

तुझे सर