पुलियाची, म्हणजे दक्षिण इटलीतल्या त्या प्रांताची, वाइन विकत घ्यावी, की ती फक्त दुसऱ्या वाइनमध्ये मिसळण्यापुरतीच असते?

अवश्य घ्यावी. तुमच्या प्रश्नाचा उत्तरार्ध मी मिलानमध्ये एका वरिष्ठ सहकाऱ्यांच्या घरी शब्दशः ऐकला आहे. मी पुलियातल्या मांदुरियाहून नेलेली प्रिमितिवो द्राक्षाच्या लाल वाइनची बाटली त्यांनी न उघडता ओट्यावर ठेवली आणि ‘मांस शिजवायला बरी आहे’ असे सर्वांसमक्ष सांगितले.

ती वाइन ज्या बागेतली होती, तिथे मी ऑगस्टच्या अखेरीस खुडणीला गेलो होतो. तासगावात मांडवाखाली उभे राहून घड कापण्याची सवय असलेल्या मला तिथल्या अल्बेरेल्लो पद्धतीच्या, म्हणजे तारेविना झुडपासारख्या राखलेल्या ठेंगण्या वेलींपुढे दिवसभर वाकावे लागले. प्रिमितिवो लवकर पिकते, म्हणूनच तिला ‘आधी पिकणारी’ अशा अर्थाचे ते नाव मिळाले. बगलफुटीवर, म्हणजे पानांच्या बगलेतून निघणाऱ्या फुटव्यांवर, मागाहून धरणारे लहान घड सुमारे वीस दिवसांनी पुन्हा खुडायचे असतात, हे बागमालकांच्या वडिलांनी मला वेल हातात धरून दाखवले. अशा बागेत यंत्र चालत नाही आणि माल कमी निघतो, त्यामुळे युरोपीय अनुदान घेऊन कित्येकांनी जुन्या वेली उपटून टाकल्या. या बागमालकांनी मात्र त्या राखल्या होत्या.

मिसळण्याची गोष्ट खोटी नाही. पुलियाची गडद, कडक वाइन अनेक दशके टँकर भरभरून उत्तर इटलीत आणि फ्रान्समध्ये जात असे, कारण तिथल्या फिक्या वाइनला रंग आणि मद्यांश हवा असे. मग कमीपणा कोणाचा मानायचा? कॅलिफोर्नियात झिन्फांडेल म्हणून मिरवणारे द्राक्ष हीच प्रिमितिवो आहे, हे जनुकीय चाचण्यांनी सिद्ध झाले असून २००१ साली त्याच वाणाच्या वेली क्रोएशियाच्या किनाऱ्यावर सापडल्या.

मांदुरियाच्या प्रिमितिवोला १९७४ पासून डीओसी, म्हणजे प्रदेशाशी बांधलेला अधिकृत नामांकनाचा, दर्जा आहे. आधी ती घ्या. नंतर पुलियाचीच सालिचे सालेन्तिनो ही वाइन घ्या, जिच्यात मुख्यतः नेग्रोआमारो हे तिथले काळे द्राक्ष असते आणि शेवटी किंचित कडवटपणा येतो. उन्हाळ्यात गेलात, तर नेग्रोआमारोची गुलाबी वाइन सोडू नका.

एक मान्य केले पाहिजे की स्वस्त प्रिमितिवो पुष्कळदा गोडसर आणि जड असते, आणि १४-१५ टक्के मद्यांश प्रत्येकाला झेपत नाही. तेव्हा ती जेवणाबरोबर आणि थोडी गार करूनच घ्यावी. आणि कोणाच्या घरी भेट म्हणून नेलीत, तर बूच जेवायला बसण्यापूर्वी, यजमानांसमोर, स्वतःच्या हाताने काढा.