हार्डनेस घेताना घाई नको

आयपीक्यूएला, म्हणजे औषधाच्या गोळ्या बनत असतानाच त्या तपासणाऱ्या विभागात, नवीन लागला आहेस ना, मग हार्डनेस (गोळी तुटायला लागणारा जोर) घेताना पहिली सवय ही लाव: दर गोळीनंतर टेस्टरच्या जबड्यातला चुरा ब्रशने झाड. चुरा राहिला की पुढची गोळी नीट टेकत नाही आणि आकडा फसवतो. गोळी लांबट असेल किंवा मधे रेघ असेल, तर दर वेळी एकाच दिशेने ठेव. मी सुरुवातीला कशीही ठेवायचो आणि वर गोळ्या दाबणाऱ्या मशीनच्या ऑपरेटरशीच भांडायचो, प्रेशर हलवतोस म्हणून. बिचारा!

हाताने पिळायचा मोन्सॅन्टो टेस्टर असेल तर आधी शून्य वाचन घे, मगच पिळ. युनिट बघून लिही. १ केपी (किलोपाँड) म्हणजे ९.८१ न्यूटन. १० गोळ्या तोड, आणि नुसती सरासरी नको, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडाही नोंदव. पंचाची (मशीनमधल्या गोळी दाबणाऱ्या दांड्याची) गडबड तिथेच दिसते.

हार्डनेस जास्त म्हणजे माल चांगला, असं मात्र समजू नकोस. दगडासारखी गोळी पाण्यात फुटायला वेळ लावते. कमी आला तर फ्रायबिलिटी, म्हणजे गोळी आपटून-घासून किती झिजते ते, बघ: फिरत्या ड्रममध्ये २५ आरपीएमने (मिनिटाला २५ फेरे) १०० फेऱ्या, आणि वजनातली घट साधारणपणे १ टक्क्याच्या आत हवी.