घरखर्चाची शिल्लक आणि खेळते भांडवल वेगळे ठेवा

पुण्यातील आयटीची नोकरी सोडून घरगुती मसाल्यांचा व्यवसाय सुरू करण्यासाठी एका वर्षाच्या घरखर्चाइतकी शिल्लक पुरेल का, असे आपण विचारले आहे. अकरा वर्षे हिंजवडीत नोकरी करून मी २०१९ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एका गाळ्यात लाकडी घाणा बसवला. त्या अनुभवावरून सांगते, की ही शिल्लक घराला पुरेल, व्यवसायाला पुरणार नाही.

घाणा, थ्री फेज वीजजोडणी, गाळ्याचे डिपॉझिट हे सारे मी वहीत मांडले होते. मालात आणि उधारीत अडकणारा पैसा, म्हणजेच खेळते भांडवल, मात्र धरलेच नव्हते. एक लिटर शेंगदाणा तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. आठवड्याला २०० किलो दाणे मी मार्केट यार्डातून रोखीने उचलत असे. तेल निवळायला चार-पाच दिवस जात आणि बाटल्या पोहोचल्यावर दुकानदार ४५ दिवसांनी पैसे देत, त्यामुळे पहिल्या खेपेची रक्कम हाती येईपर्यंत सात खेपांचे, म्हणजे १,४०० किलो दाण्यांचे पैसे माझ्या पदरचे गेलेले असत. त्यातच पहिल्या पावसाळ्यात सर्द झालेले दाणे पदरात पडले. लगदा घाण्याच्या लाटेभोवती, म्हणजे दाणे चिरडणाऱ्या लाकडी दांड्याभोवती, फिरत राहिला, पण तेल सुटेना, आणि त्या महिन्याचे गाळ्याचे भाडे मी मुलीच्या शाळेच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून भरले. ते आजही मला बोचते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनाशुल्क आहे, ती अवश्य करा. सूक्ष्म व लघु उद्योगाने पुरवलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो. तरीही ज्या दुकानदाराकडून पुढच्या महिन्यातही मागणी हवी असते, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला हात धजावत नाही. एका दुकानाने माझे पैसे पाच महिने थकवले, तेव्हा मी गप्पच राहिले. म्हणून निम्मा माल तरी सोसायट्यांमधून, थेट घरोघरी, रोखीने विकला जाईल असे पाहा. मी तसे केल्यावरच व्यवसाय तगला.

आपल्या मसाल्यात तर पैसा अधिक काळ अडकेल, कारण वर्षभराची मिरची आणि धने उन्हाळ्यातच भरावे लागतात. तेव्हा नोकरीत असतानाच एका उन्हाळ्यात पन्नास किलो मसाला कांडून घ्या आणि ओळखीबाहेरच्या किती जणांनी दुसऱ्यांदा मागवला, ते लिहून ठेवा. आणि कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून आई-वडिलांसह सगळ्या कुटुंबाचा स्वतंत्र विमा राजीनाम्याच्या आधी उतरवा. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, तेवढा लवकर सुरू होतो.