वेदनेच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

वेदनेवर पीएचडी करण्याचे तुम्ही ठरवले असेल, तर उंदराने पंजा झटकला म्हणजे त्याला वेदना झाली, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. ती केवळ मज्जारज्जूतून घडणारी प्रतिक्षिप्त क्रियाही असू शकते. फॉन फ्रे तंतूंची चाचणी (ठराविक जोराने वाकणारे तंतू पंजाला खालून टेकवून त्याची संवेदनशीलता मोजणे) घेण्यापूर्वी उंदराला जाळीवर स्थिरावू द्या, नर-मादी दोन्ही घ्या, आणि कोणाला कोणते औषध दिले आहे हे चाचणी घेणाऱ्याला कळू देऊ नका.

१९९७ साली अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिनचा माग काढत टीआरपीव्ही१ ही आयन वाहिनी, म्हणजे चेतापेशीच्या आवरणातील विद्युतभारित कणांना वाट देणारे प्रथिन, शोधली. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढील उष्णतेलाही तीच प्रतिसाद देते, आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकामागे हे काम होते. मात्र ती वाहिनी रोखणारी काही औषधे माणसांना दिल्यावर त्यांच्या शरीराचे तापमान वाढले. हा भाग मला शोधाइतकाच मोलाचा वाटतो, कारण रेणू सापडणे आणि रुग्णाला आराम पडणे यांतले अंतर त्यातून दिसते. म्हणून पॅच क्लॅम्प (आयन वाहिन्यांतून वाहणारा विद्युतप्रवाह मोजण्याचे तंत्र) ज्या निष्ठेने शिकाल, त्याच निष्ठेने वेदना उपचार केंद्रात बसून रुग्णांचे म्हणणे ऐका.