विचारा, सांगतो : नदी उलटी वाहते तेव्हा

प्रश्न : एका व्हिडिओत समुद्राकडून पाण्याची भिंतच्या भिंत नदीत शिरताना दिसली. खाली 'त्सुनामी' लिहिलं होतं. ती खरंच त्सुनामी होती का? नदी अशी उलटी कशी वाहू लागते?

त्सुनामी नव्हे, ती टायडल बोअर, म्हणजे भरतीबरोबर नदीत उलटी चढणारी लाट. असे व्हिडिओ मलाही सारखे येतात आणि खाली हमखास त्सुनामीच लिहिलेलं असतं. त्सुनामी बहुधा समुद्रतळाच्या भूकंपाने उठते, तिची तारीख आधी कोणी सांगू शकत नाही. बोअर भरतीची असते. इंग्लंडच्या सेव्हर्न नदीवर तर तिचं वर्षभराचं वेळापत्रक आधीच निघतं.

एरवी भरतीचं पाणी पाच-सहा तासांत सावकाश चढतं. बोअर होण्यासाठी भरती-ओहोटीतला फरक दांडगा लागतो, आणि नदी मुखाशी रुंद, आत निमुळती नि उथळ असावी लागते. पाणी आत येताना दोन्ही काठ त्याला आवळत जातात, त्यामुळे ते उंच होतं. पुढचा भाग खोलीचा. उथळ पाण्यात लाटेचा वेग केवळ खोलीवर ठरतो. मीटरमधल्या खोलीला ९.८ने गुणा, वर्गमूळ काढा, की सेकंदाला किती मीटर ते मिळतं. २ मीटर खोलीला हा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर येतो, ४ मीटरला साडेबावीस. म्हणजे भरतीचं मागून येणारं उंच पाणी पुढच्या उथळ पाण्यापेक्षा जोरात धावतं आणि त्याला गाठतं. उतार उभा होत होत शेवटी त्याची पायरी बनते.

ही पायरी तुम्ही रोज पाहता. बेसिनमध्ये नळाची धार पडते तिथे पाणी पातळ पसरतं आणि थोड्या अंतरावर एकदम जाड होऊन गोल कडं दिसतं. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बोअर म्हणजे तेच कडं, फक्त नदीतून चालत निघालेलं. पायरीमागची खोली पुढच्या खोलीच्या दुप्पट असेल तर ती फेसाळत, गर्जत येते. वाढ पाव-तृतीयांश एवढीच असेल तर फेस नसतो, एकामागून एक गुळगुळीत लाटा जातात.

आता व्हिडिओत जे दिसत नाही ते. लाट आली, गेली, संपलं, असं इथे होत नाही. पायरी पुढे गेली तरी पाणी खाली बसत नाही, उलट चढतच राहतं, आणि अख्खा प्रवाह समुद्राकडून आत वाहू लागतो. ओंडके, गाळ, सुटलेल्या होड्या सगळं त्यात असतं. फेस पुढे गेला म्हणून काठावरच्या चिखलात उतरणं हा शुद्ध वेडेपणा.

हुगळीवर मात्र नावाडी काठावर थांबत नाहीत. बान, म्हणजे तिथली बोअर, येणार म्हटलं की होड्या सोडून खोल पात्रात नेतात. खोल पाण्यात पायरी फुटत नाही, होडी नुसती वरखाली होते. ही अक्कल जुनी आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात नर्मदेच्या मुखाजवळच्या भडोचचं वर्णन आहे. तिथले वाटाडे जहाजं भरतीबरोबर आत आणत आणि ओहोटी लागली की नदीतल्या खोल डोहांत उभी करत. भरतीचा आवाज लांबून सैन्याच्या गलक्यासारखा येतो, असंही त्यात लिहिलंय.

प्रश्न : मग ती रोज का येत नाही?

काही नद्यांत बरेच दिवस येते, पण पाहण्याजोगी उधाणालाच. तीही नेमकी अमावास्या-पौर्णिमेला नव्हे, बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवसांनी, कारण समुद्र चंद्र-सूर्याच्या ओढीला थोडा उशिरा प्रतिसाद देतो. चीनच्या छ्यानतांग नदीवर, जिथली बोअर जगात सर्वांत मोठी, पाहणाऱ्यांची गर्दी चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यात अठराव्या दिवशी होते. पौर्णिमा पंधराव्या दिवशी झालेली असते. हे दिवस शरद संपाताच्या, म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसाच्या, आसपास येतात, आणि संपाताजवळची उधाणं वर्षातली सर्वांत जोरदार. नदीला पूर असेल तर बोअर मार खाते : पात्र खोल झालेलं असतं आणि समोरून रेटा असतो.

प्रश्न : माणूस ती थांबवू शकतो का?

अगदी सहज, आणि बहुधा ते मनात नसतानाही. फ्रान्सच्या सेन नदीतली बोअर जहाजांसाठी पात्र खोल केल्यावर १९६०च्या दशकात जवळजवळ नाहीशीच झाली. कॅनडाच्या पेटिकोडियाक नदीवर १९६८मध्ये आडवा बांध घातला, तिथली बोअर पार रोडावली आणि पात्र गाळाने भरत गेलं. २०१०मध्ये बांधाचे दरवाजे उघडले. पाण्याने गाळ कापून पात्र पुन्हा रुंद केलं, बोअर परत उभी राहिली आणि आता तिच्यावर सर्फिंग करायला लोक येतात.